किरकोळ दुकानाच्या विक्रीसाठी संबंधात्मक डेटाबेसची रचना : प्रभादेवी परिसरातील किराणा व्यवहाराच्या संदर्भात

सारांश

किरकोळ दुकानातील विक्रीची नोंद ही वरवर पाहता साधी बाब वाटते. परंतु किंमत, कर, सुटा माल, उधारी व परतावा या घटकांचा विचार केला असता तिची रचना काळजीपूर्वक करावी लागते असे दिसून येते. प्रस्तुत लेखात मध्य मुंबईतील प्रभादेवी परिसरातील एका किराणा दुकानाचा व्यवहार समोर ठेवून संबंधात्मक डेटाबेसच्या रचनेची तत्त्वे स्पष्ट केली आहेत. संगणकशास्त्राबाहेरील, विशेषतः वाणिज्य, अर्थशास्त्र व सहकार या विषयांच्या प्राध्यापकांना हे विवेचन उपयोगी पडावे, असा हेतू आहे.

बीजशब्द : संबंधात्मक डेटाबेस, सामान्यीकरण, किरकोळ विक्री, वस्तू व सेवा कर, उधारी, कीर्द-खतावणी.

१. प्रस्तावना

प्रभादेवी हा सिद्धिविनायक मंदिरामुळे सर्वपरिचित असलेला परिसर. येथे जुन्या चाळी आणि गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले मनोरे आज शेजारी शेजारी आहेत. त्यामुळे एकाच किराणा दुकानात दोन प्रकारचे ग्राहक येतात. एक ग्राहक मोबाइलवरून पैसे देतो, छापील पावती घेतो आणि निघून जातो. दुसरा ग्राहक पाव किलो डाळ, शंभर ग्रॅम तेल आणि एक साबण घेऊन ‘लिहून ठेवा’ असे सांगतो. या दोहोंची नोंद एकाच संगणकात करावयाची असते.

किरकोळ विक्रीच्या अभ्यासासाठी हा भाग ऐतिहासिकदृष्ट्याही महत्त्वाचा आहे. प्रभादेवीपासून जवळच असलेल्या नायगावच्या कामगार वस्तीत १९४८ मध्ये ‘अपना बाजार’ या ग्राहक सहकारी संस्थेची सुरुवात झाली. पुढे १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून सामूहिक खरेदी व वितरणाची पद्धत रुजविली. कोणी काय व किती घेतले याचा अचूक हिशेब हा या दोन्ही प्रयोगांचा पाया होता.

प्रस्तुत विषयाकडे लक्ष वळण्यास एक छोटा प्रसंग कारणीभूत झाला. या परिसरातील एका दुकानदाराने जाडजूड उधारीची चोपडी बंद करून संगणकावर हिशेब सुरू केला. काही महिन्यांनी एका वृद्ध महिलेच्या खात्यावर १,४६० रुपये बाकी दिसू लागली. “मावशी, संगणकात तुमच्याच नावावर आहे,” असे दुकानदार सांगत होता आणि “मी दर महिन्याला चुकते करते,” असे त्या सांगत होत्या. दोघेही खरे बोलत होते. त्याच चाळीत त्याच नावाच्या व आडनावाच्या आणखी एक बाई राहत होत्या आणि संगणकातील यादी केवळ नावावर आधारलेली होती. जुन्या चोपडीत मात्र एका नावापुढे ‘तिसरा मजला, कोपऱ्याची खोली’ असे लिहिलेले होते. चोपडीला जो भेद ठाऊक होता तो संगणकाकडे जाताना गळून पडला. रक्कम मोठी नव्हती. पण चाळीस वर्षे ज्या दुकानातून सामान नेले तेथे चारचौघांत बाकीदार ठरण्याचा अपमान मोठा होता.

ही चूक यंत्राची नव्हती आणि टंकलेखनाचीही नव्हती. ती रचनेची चूक होती. अशा चुका कशामुळे होतात आणि त्या कशा टाळता येतात, याचा विचार पुढे केला आहे.

२. संबंधात्मक प्रारूप : संकल्पना

संबंधात्मक डेटाबेसची संकल्पना एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. मूळचे ब्रिटिश गणितज्ञ असलेले कॉड त्या वेळी कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे आयबीएमच्या संशोधन केंद्रात कार्यरत होते. या कार्यासाठी त्यांना १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार देण्यात आला. तत्पूर्वीच्या डेटाबेसमध्ये माहिती कोणत्या वाटेने साठविली आहे हे ठाऊक असल्याखेरीज ती काढता येत नसे. साठवणुकीची पद्धत बदलली की त्यावर आधारलेले प्रोग्रॅमही बदलावे लागत. माहिती केवळ सारण्यांच्या रूपाने मांडावी आणि ती कशी साठविली आहे याची चिंता वापरणाऱ्यावर पडू नये, असा कॉड यांच्या प्रतिपादनाचा गाभा आहे.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. सारण्या एकमेकींशी जोडलेल्या असतात म्हणून या डेटाबेसला ‘संबंधात्मक’ म्हणतात, असे विद्यार्थी सर्रास लिहितात. वस्तुतः ‘संबंध’ हा येथे संचसिद्धांतातील पारिभाषिक शब्द आहे. एकच सारणी हीदेखील गणिती अर्थाने एक ‘संबंध’ असते. तिची प्रत्येक ओळ म्हणजे एक सत्य विधान होय. ‘अमुक क्रमांकाच्या बिलावर अमुक वस्तू इतक्या परिमाणात विकली गेली’, हे असे एक विधान आहे. सारणीचा विचार विधानांचा संच म्हणून केला की पुढील सर्व नियम सहज उलगडतात : कोणतेही विधान एकदाच करावे, अर्धवट करू नये आणि परस्परविरोधी विधानांना जागा देऊ नये.

वाणिज्य शाखेच्या अध्यापकांना ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडील पारंपरिक हिशेबपद्धतीत कीर्द आणि खतावणी यांत भेद केला जातो. व्यवहार घडेल त्या क्रमाने कीर्दीत उतरतो. नंतर तोच व्यवहार खतावणीत खातेनिहाय मांडला जातो. म्हणजे घडलेली घटना कीर्दीत असते आणि त्या घटनांकडे पाहण्याची एक बाजू खतावणीत. हाताने लिहिताना मुनिमाला तीच रक्कम दोनदा उतरावी लागे आणि मेळ न बसल्यास चूक शोधण्यात रात्र जाई. संबंधात्मक डेटाबेसमध्ये फक्त कीर्द साठविली जाते. खतावणी ही हवी तेव्हा विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून तयार होते. ती वेगळी साठविली नाही तर तिच्यात व कीर्दीत विसंगती निर्माण होण्याचा प्रश्नच उरत नाही.

३. एकाच सारणीतील दोष आणि सामान्यीकरण

डेटाबेसचा प्रकल्प करणारा विद्यार्थी बहुधा स्प्रेडशीटची सवय घेऊन येतो. तो ‘विक्री’ नावाची एकच सारणी करतो आणि तीत बिल क्रमांक, दिनांक, ग्राहकाचे नाव, पत्ता, वस्तूचे नाव, दर, कराचा दर, परिमाण व रक्कम असे सर्व स्तंभ घालतो. एका बिलावर पाच वस्तू असल्यास ग्राहकाचे नाव व पत्ता पाच वेळा लिहिला जातो. यातून तीन प्रकारचे दोष उद्भवतात.

पहिला दोष बदलाचा. ग्राहकाने घर बदलल्यास त्याचा पत्ता शेकडो ओळींत दुरुस्त करावा लागतो. एखादी ओळ राहून गेली तर एकाच माणसाचे दोन पत्ते होतात. दुसरा दोष नव्या नोंदीचा. दुकानात आलेला पण अद्याप न विकला गेलेला माल नोंदविण्यास या सारणीत जागाच नाही. तिसरा दोष वगळण्याचा. एखाद्या वस्तूची एकमेव विक्री रद्द करून ती ओळ पुसली, तर त्या वस्तूची सर्व माहिती तिच्याबरोबर नाहीशी होते.

हे दोष दूर करण्याच्या प्रक्रियेला सामान्यीकरण म्हणतात. त्याच्या पहिल्या तीन पायऱ्या बहुतेक दुकानांना पुरेशा ठरतात.

पहिली पायरी अशी की, प्रत्येक चौकटीत एकच मूल्य असावे. ‘डाळ, साबण, तेल’ असे एका चौकटीत लिहिणे किंवा ‘वस्तू १’, ‘वस्तू २’, ‘वस्तू ३’ असे स्तंभ करणे निषिद्ध. चौथी वस्तू घेणारा ग्राहक येताच अशी रचना कोलमडते.

दुसऱ्या पायरीचा नियम असा की, प्रत्येक माहिती ओळीच्या संपूर्ण ओळखीवर अवलंबून असावी, तिच्या एखाद्या अंशावर नव्हे. वरील सारणीत ओळीची ओळख ‘बिल आणि वस्तू’ या जोडीने होते. परंतु दिनांक केवळ बिलावर अवलंबून आहे आणि वस्तूचे नाव केवळ वस्तूवर. म्हणून बिलाची सारणी वेगळी, वस्तूची वेगळी आणि दोहोंना जोडणारी ‘बिल-ओळ’ वेगळी करावी लागते.

तिसऱ्या पायरीवर आडवळणाचे अवलंबित्व काढून टाकले जाते. कराचा दर वस्तूला थेट चिकटलेला नसतो. वस्तू एका करवर्गात मोडते आणि दर त्या करवर्गाचा असतो. टूथपेस्टच्या वीस प्रकारांपुढे वीस वेळा दर लिहिण्याऐवजी प्रत्येकापुढे करवर्ग लिहावा आणि दर एकाच जागी ठेवावा.

या विचारातून प्रस्तावित दुकानासाठी पुढील सारण्या निष्पन्न होतात.

(१) ग्राहक : ग्राहक-क्रमांक, नाव, पत्ता, ओळखीची टीप, मोबाइल क्रमांक (ऐच्छिक).
(२) करवर्ग : करवर्ग-क्रमांक, वर्णन.
(३) करदर : करवर्ग-क्रमांक, लागू दिनांक, दर.
(४) वस्तू : वस्तू-क्रमांक, नाव, मोजण्याचे एकक, करवर्ग-क्रमांक.
(५) लॉट : लॉट-क्रमांक, वस्तू-क्रमांक, बारकोड (असल्यास), छापील कमाल किंमत, आवक दिनांक, आवक परिमाण, मुदत.
(६) बिल : अंतर्गत क्रमांक, आर्थिक वर्ष, छापील क्रमांक, दिनांक व वेळ, गल्ला, ग्राहक-क्रमांक (रिकामा असू शकतो).
(७) बिल-ओळ : बिल, ओळ क्रमांक, लॉट-क्रमांक, परिमाण, लावलेला दर, लावलेला कर, सूट.
(८) भरणा : भरणा-क्रमांक, दिनांक, प्रकार, रक्कम, ग्राहक-क्रमांक (रिकामा असू शकतो).
(९) भरणा-वाटप : भरणा-क्रमांक, बिल, रक्कम.
(१०) परतावा : परतावा-क्रमांक, मूळ बिल-ओळ, दिनांक, परिमाण.

सारण्या दहा झाल्या म्हणून घाबरण्याचे कारण नाही. काउंटरवरील व्यक्तीला पडद्यावर एकच बिल दिसते. विभागणी आत असते.

४. ओळख कशाने ठरवावी?

प्रत्येक ओळीला इतर सर्व ओळींपासून वेगळे करणारी खूण म्हणजे प्रायमरी की. दुसऱ्या सारणीने त्या खुणेचा केलेला उल्लेख म्हणजे फॉरेन की. बिल-ओळीतील लॉट-क्रमांक प्रत्यक्षात अस्तित्वात असलेल्या लॉटचाच असला पाहिजे, हे बंधन डेटाबेस स्वतः पाळतो.

खूण निवडताना सर्वांत मोठा मोह नावाचा असतो. नावे का चालत नाहीत याचे उदाहरण प्रभादेवीकरांच्या डोळ्यांसमोरच आहे. पश्चिम रेल्वेवरील ‘एल्फिन्स्टन रोड’ या स्थानकाचे नाव जुलै २०१८ मध्ये ‘प्रभादेवी’ झाले. फलाट तेच राहिले, जिने तेच राहिले, प्रवासी तेच राहिले. जर एखाद्या हिशेबात स्थानकाची ओळख नावानेच ठरविली असेल, तर त्या दिवशी एक स्थानक बंद पडून दुसरे नवे सुरू झाले असा निष्कर्ष निघेल. नाव हे ओळखीचे वर्णन असते. नाव बदलू शकते आणि दोघांचे एकही असू शकते. प्रस्तावनेतील प्रसंगात नेमके हेच घडले.

मग मोबाइल क्रमांक ही खूण मानावी काय? तेही योग्य नव्हे. चाळीतील अनेक कुटुंबांत एकच मोबाइल दोघे-तिघे वापरतात आणि क्रमांक बदलतातही. म्हणून ग्राहकाला दुकानाने स्वतःचा अर्थहीन क्रमांक द्यावा. हा क्रमांक काहीही सांगत नाही, म्हणूनच तो कधी खोटा ठरत नाही. त्याच्या जोडीला ‘ओळखीची टीप’ हा स्तंभ ठेवला आहे. ‘तिसरा मजला, कोपऱ्याची खोली’ ही माहिती संगणकासाठी नसून काउंटरवरील माणसासाठी आहे. योग्य ग्राहक निवडण्याचे काम शेवटी त्यालाच करावयाचे असते.

वस्तूंच्या बाबतीत बारकोडचा मोह होतो. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातील ट्रॉय येथे च्युइंग गमच्या पाकिटावरील बारकोड प्रथमच काउंटरवर वाचला गेला, तेव्हापासून किरकोळ विक्रीचे स्वरूप पालटले. भारतीय नोंदणीचे बारकोड ८९० या अंकांनी सुरू होतात. तरीही बारकोड ही पुरेशी खूण ठरत नाही, याची दोन कारणे आहेत. सुट्या डाळीला बारकोड नसतो. शिवाय किंमत वाढल्यानंतर त्याच बारकोडची जुन्या व नव्या छापील किमतीची पाकिटे काही काळ एकाच फळीवर असतात. छापील कमाल किमतीपेक्षा अधिक आकारणी बेकायदेशीर आहे. जुन्या पाकिटाला नवी किंमत लागली तर दुकानदार अडचणीत येतो. यासाठी ‘वस्तू’ व ‘लॉट’ या दोन सारण्या वेगळ्या केल्या आहेत. बारकोड वाचल्यावर एकाहून अधिक लॉट आढळल्यास प्रणालीने छापील किंमत विचारावी.

बिलाच्या बाबतीत कायदाच मार्गदर्शन करतो. वस्तू व सेवा कराच्या नियमांनुसार बिलाचा क्रमांक सोळा चिन्हांपेक्षा लांब नसावा, सलग असावा आणि त्या आर्थिक वर्षापुरता अनन्य असावा. म्हणजे १ एप्रिलला क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होऊ शकतो. छापील क्रमांक एकटा ही खूण होऊ शकत नाही. आर्थिक वर्षाची जोड आवश्यक ठरते.

५. किंमत, कर आणि काळ

दुकानाच्या डेटाबेसमध्ये सर्वाधिक चुका काळाच्या संदर्भात होतात. विवेचनासाठी हे दुकान नियमित करनोंदणी असलेले आहे असे गृहीत धरले आहे. संयुक्तिक योजनेखालील म्हणजे कंपोझिशनच्या दुकानदारास ग्राहकाकडून कर वेगळा आकारता येत नाही.

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या बांधीव व लेबल लावलेल्या डाळी-धान्यावर ५ टक्के कर आला, तर सुट्या विक्रीवर तो राहिला नाही. २२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, दरांची मोठी फेररचना होऊन टूथपेस्ट, साबण, शाम्पू यांसारख्या नित्योपयोगी वस्तूंचा दर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. सणासुदीच्या गर्दीत एका रात्रीत दर बदलणे ही प्रत्येक दुकानाच्या प्रणालीची परीक्षाच होती.

समजा, एका टूथपेस्टची करपूर्व किंमत १०० रुपये आहे. २१ सप्टेंबरपर्यंत ती ११८ रुपयांस आणि नंतर १०५ रुपयांस विकली गेली. २१ सप्टेंबरपर्यंत अशा शंभर नगांची विक्री झाली असल्यास त्यांवरील कर १,८०० रुपये होतो. आता ज्या प्रणालीत कराचा दर फक्त वस्तूच्या सारणीत ठेवलेला आहे आणि तो १८ पुसून ५ केला गेला, तेथे महिनाअखेरीस काय घडेल? ११८ रुपयांच्या जुन्या विक्रीतून ५ टक्के दराने कर काढला जाईल. तो प्रत्येक नगास ५ रुपये ६२ पैशांच्या आसपास, म्हणजे शंभर नगांस सुमारे ५६२ रुपये दिसेल. एका वस्तूच्या हिशेबात १,२३८ रुपयांची तूट दिसू लागेल आणि गल्ल्यातील एक पैसाही हललेला नसेल. अशा शे-दोनशे वस्तू असल्यास विवरणपत्र भरताना काय स्थिती होईल याची कल्पना करता येईल.

यावर दोन उपाय एकत्रितपणे योजावे लागतात. पहिला उपाय म्हणजे ‘करदर’ सारणीत दर पुसू नये. नव्या लागू दिनांकासह नवी ओळ घालावी. एखाद्या दिवशीचा दर हवा असल्यास त्या दिवशी किंवा त्यापूर्वी लागू झालेली सर्वांत अलीकडची ओळ घ्यावी. दुसरा उपाय म्हणजे बिल-ओळीत प्रत्यक्ष लावलेला दर व कर नोंदवून ठेवावा.

येथे एक शंका सहज उपस्थित होते. सामान्यीकरणात माहितीची पुनरावृत्ती टाळावयाची असते. मग दर दोन ठिकाणी का? याचे उत्तर असे की, ही पुनरावृत्ती नाही. ‘२० सप्टेंबरला या वर्गाचा दर १८ टक्के होता’ आणि ‘या बिलावर १८ टक्के आकारले गेले’ ही दोन भिन्न विधाने आहेत. पहिले विधान नियमाविषयी आहे, दुसरे घडलेल्या घटनेविषयी. काउंटरवर चूक झाली असेल तर ती दोन विधाने परस्परांशी जुळणार नाहीत आणि चूक सापडण्याचा तोच एक मार्ग आहे. दोन मूल्ये सारखी दिसतात म्हणून ती एकच माहिती मानणे हा रचनाकाराचा नेहमीचा प्रमाद होय.

६. सुटा माल, मापे आणि पैसे

सुटी तूरडाळ व बांधीव तूरडाळ या स्वयंपाकघरात एकच असल्या तरी डेटाबेसमध्ये त्या दोन वस्तू आहेत, कारण त्यांचे करवर्ग भिन्न आहेत. पन्नास किलोचे पोते हा सुट्या डाळीचा एक लॉट ठरतो. आवक पोत्यात आणि विक्री पाव किलोत होत असल्याने साठवण एकाच मूलभूत एककात, येथे ग्रॅममध्ये, करणे श्रेयस्कर. पडद्यावर ‘पाव किलो’ दाखविणे हे सादरीकरणाचे काम आहे.

शिल्लक साठा वेगळ्या स्तंभात लिहू नये, असे तत्त्व सांगता येईल. शिल्लक म्हणजे आवक वजा विक्री अधिक परतावा. परंतु सुट्या मालात घट येते. पोत्याच्या तळाशी धूळ राहते, तागडीत थोडे झुकते माप दिले जाते. म्हणून प्रत्यक्ष मोजदादीच्या वेळी आढळलेला फरक ‘तूट’ म्हणून स्वतंत्र नोंदवावा. शिल्लक आकडा हळूच दुरुस्त केल्यास तूट किती व कोणत्या मालात येते हे कधीच कळत नाही.

रक्कम साठविताना द्विमान अपूर्णांकाचा वापर टाळावा. ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत तंतोतंत लिहिता येत नाही. हजारो ओळींच्या बेरजेत हा सूक्ष्म फरक साचत जातो. रक्कम पैशांत पूर्णांकाने किंवा दशमान प्रकारात ठेवावी. २५ पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ नंतर चलनातून बाद झाली आहेत आणि पन्नास पैसे हाती पडणे दुर्मिळ आहे. त्यामुळे बिल रुपयात पूर्णांकित होते. हा पूर्णांकनाचा फरकदेखील बिलावर स्पष्ट दाखवावा.

७. भरणा, उधारी आणि परतावा

बिल व भरणा यांचा संबंध एकास एक नसतो. एकाच बिलाचे दोनशे रुपये रोख व उरलेले मोबाइलवरून दिले जातात. उलट महिन्याच्या आरंभी पगार झाल्यावर ग्राहक एकरकमी पाचशे रुपये देतो आणि ते मागील सात बिलांत जमा होतात. असा अनेकास अनेक संबंध दाखविण्यासाठी मध्ये एक जोडसारणी लागते, तीच ‘भरणा-वाटप’. उधारीचा वेगळा स्तंभ कोठेही नाही. बिलांच्या एकूण रकमेतून परतावा आणि वाटप झालेला भरणा वजा केला की उरते ती बाकी. मावशींनी ‘माझी बाकी दाखवा’ म्हटल्यास केवळ आकडा नव्हे, तर तो कोणत्या बिलांतून आला तेही दाखविता येते. ज्या बाकीचा उगम दाखविता येत नाही ती मागण्याचा नैतिक अधिकार दुकानदारास राहत नाही, असे म्हणावेसे वाटते.

परताव्याचा प्रश्नही असाच आहे. २० सप्टेंबरला ११८ रुपयांस घेतलेली टूथपेस्ट ग्राहकाने २५ तारखेस परत केली, तर त्यास ११८ रुपयेच मिळाले पाहिजेत आणि कराची वजावटही १८ टक्क्यांनीच झाली पाहिजे. परतावा मूळ बिल-ओळीशी जोडलेला असल्याने हे आपोआप साधते. जेथे परतावा केवळ वस्तूशी जोडलेला असतो तेथे आजच्या दराने १०५ रुपये परत दिले जातात आणि ग्राहकाचे १३ रुपये बुडतात.

परत आलेल्या वस्तूची मूळ विक्री पुसून टाकू नये. जुन्या हिशेबनिसांचा दंडक असा की, कीर्दीत खाडाखोड करावयाची नाही. चूक झाल्यास उलट नोंद करावयाची. डेटाबेसमध्ये पुसणे अतिशय सोपे असल्याने हा दंडक येथे अधिकच कसोशीने पाळावा लागतो. कर कायद्यानुसारही हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून बहात्तर महिने जपून ठेवावी लागतात.

अखेरीस व्यवहाराच्या अखंडतेचा उल्लेख करणे आवश्यक आहे. बिल, त्याच्या ओळी व भरणा या नोंदी एकत्र झाल्या पाहिजेत किंवा मुळीच होता कामा नयेत. बिल अर्धे झाले असताना वीज गेली तर अर्धवट बिल राहू नये. दोन गल्ल्यांवर एकाच वेळी शेवटचे पाकीट विकले जाऊ नये. ही जबाबदारी डेटाबेस प्रणाली घेऊ शकते. मात्र या नोंदी एकाच व्यवहाराचा भाग आहेत असे रचनाकाराने तिला सांगितले पाहिजे.

८. रचनेची कसोटी : प्रश्न

चांगल्या रचनेची कसोटी म्हणजे पूर्वी न सुचलेल्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातून मिळणे. डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या आणि पुढे एसक्यूएल या नावाने रूढ झालेल्या भाषेत काय हवे ते सांगावयाचे असते, कसे शोधावे ते नव्हे.

सहकाराच्या अभ्यासकांना परिचित असलेले उदाहरण घेऊ. इंग्लंडमधील रॉचडेल येथील विणकर व कारागिरांनी १८४४ मध्ये काढलेल्या दुकानात नफा भांडवलाच्या नव्हे, तर प्रत्येक सभासदाच्या खरेदीच्या प्रमाणात वाटला जाई. हे तत्त्व अमलात आणण्यासाठी ‘प्रत्येक सभासदाची वर्षभरातील निव्वळ खरेदी किती?’ या प्रश्नाचे उत्तर हवे. प्रस्तावित रचनेत बिल व बिल-ओळ जोडावयाच्या, परतावा वजा करावयाचा, ग्राहक-क्रमांकानुसार गट पाडावयाचे आणि बेरीज घ्यावयाची. रचना करताना सहकारी लाभांशाचा विचार केलेला नसूनही उत्तर मिळते. मात्र दोन बायकांची खरेदी एका नावाखाली मिसळलेली असती, तर एकीचा वाटा दुसरीला गेला असता. ओळखीची चूक ही अंती न्यायाची चूक ठरते.

मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या पद्धतीत कुटुंबे आपली मागणी आधी नोंदवितात व माल नंतर येतो. तेथे ‘गट’, ‘मागणी’ आणि ‘मागणी-ओळ’ या तीन सारण्या वाढवाव्या लागतील. आधीच्या दहांतील एकही मोडावी लागणार नाही.

९. मर्यादा

सारण्यांची अचूक विभागणी रोजच्या नोंदींसाठी उत्तम असली, तरी अनेक वर्षांच्या विक्रीचे विश्लेषण करताना वारंवार जोडण्या कराव्या लागतात. त्यासाठी मोठ्या विक्रेत्यांकडे विश्लेषणाची वेगळी प्रत ठेवली जाते. एका दुकानाला त्याची गरज भासत नाही. दुसरी मर्यादा खाजगीपणाची आहे. कोणत्या घरात कोणते औषधी तेल जाते, कोणाची बाकी किती, ही माहिती संवेदनशील असते. चोपडी गल्ल्याखाली राहत असे. डेटाबेसची प्रत क्षणात कोठेही जाऊ शकते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने या विषयाला कायदेशीर अधिष्ठान दिले आहे. जी माहिती लागत नाही ती विचारूच नये, हा रचनेच्या पातळीवरील सर्वांत परिणामकारक उपाय होय. वर ग्राहकाचा मोबाइल क्रमांक ऐच्छिक ठेवण्यामागे हाच विचार आहे.

१०. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, दुकानाचा डेटाबेस रचणे हे प्रथमतः दुकान समजून घेण्याचे काम आहे. सामान्यीकरणाचे नियम पाठ असलेला विद्यार्थीही सुटी डाळ आणि बांधीव डाळ यांतील भेद काउंटरवर उभे राहिल्याशिवाय ओळखू शकत नाही. म्हणून प्रकल्पाची सुरुवात प्रयोगशाळेत न करता विद्यार्थ्यांना एक दिवस दुकानात बसवावे आणि तेथील जुनी चोपडी वाचावयास लावावे. दुकानदाराने कोणत्या नावापुढे काय टीप लिहिली आहे, कोणती नोंद खोडलेली नाही, कोठे उलट नोंद केली आहे, हे त्यांनी पाहावे. वाणिज्य व संगणक या दोन विभागांनी असे प्रकल्प संयुक्तपणे घेतल्यास दोन्हीकडील विद्यार्थ्यांना लाभ होईल.

प्रस्तावनेतील मावशींच्या खात्याची दुरुस्ती शेवटी जुन्या चोपडीवरूनच झाली. दुकानदाराने संगणकात दोघींना वेगळे क्रमांक दिले, दोन्ही नावांपुढे मजला व खोली लिहिली आणि १,४६० रुपयांची बाकी एका उलट नोंदीने योग्य खात्यावर नेली. मूळ चुकीची नोंद त्याने पुसली नाही. चोपडी मात्र आजही त्याच्या गल्ल्याखाली आहे.